नाटकाच्या पडद्याकडून चित्रपटाच्या पडद्याकडे

१/ मूकपटांच्या आरंभकाळात चित्रपटनिर्मिती शिकवणारी संस्था भारतात नव्हती. या व्यवसायात येणारे बहुतेक जण दुसरा व्यवसाय करून आलेले असत. दादासाहेब फाळके आले ते छायाचित्रण आणि मुद्रणाच्या धंद्यातून. कोल्हापूरची मंडळी आली ती नाटकाच्या पडद्यांकडून.

२/ आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलत बंधू संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत. सपाट कापडावर राजवाड्याची खोली आणि अरण्याचा अंधार भासवणे हे त्यांचे कसब. लोक त्यांचे आडनाव विसरले आणि ‘पेंटर’ म्हणू लागले. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल याच वर्तुळात तयार झाले.

३/ फाळक्यांचे चित्रपट पाहून या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. अडचण कॅमेऱ्याची होती, म्हणून तो घरीच घडवायचा ठरला. काम अर्धवट असताना, १९१६ मध्ये, आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेरा पूर्ण केला.

४/ अशा कथांत धाडसाचे कौतुक होते, पैशाची गोष्ट मात्र मागे राहते. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. चित्रपटाला प्रतिष्ठा नव्हती, त्या काळात! १९२० मध्ये ‘सैरंध्री’ झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले.

५/ स्थिरावलेला जम दामल्यांनी पुन्हा मोडला. १९२९ मध्ये फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांच्यासह ते कंपनीतून बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने ‘प्रभात’ उभी राहिली. दोनच वर्षांत ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांची सगळी विद्या एका फटक्यात जुनी ठरली.

६/ रंगांत वाढलेले दामले आता चाळिशीच्या उंबरठ्यावर ध्वनिमुद्रण शिकले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या पहिल्या बोलपटाचा ध्वनी त्यांनी सांभाळला, कलादिग्दर्शन फत्तेलालांचे. जुना हात मात्र सुटला नव्हता. दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधली देहू पाहावी: माती, भिंती, घरातला उजेड यांत पडदे रंगवणाऱ्यांची नजर दिसते. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली.

७/ दामले १९४५ मध्ये वारले. पुढे काही वर्षांत प्रभात बंद पडली. पुण्यातील तिच्याच आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. कोल्हापूरकरांनी चुकतमाकत, एकमेकांच्या हाताखाली जे उचलले, त्याचे रीतसर वर्ग तिथे भरू लागले.