ताहू, टोफू आणि खाडीकाठचं मीठ

मागच्या रविवारी लेकीनं बाजारातून टोफूचं पाकीट आणलं. अम्मीनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे पनीरच ना?" मी म्हणालो, "नाही, सोयाबीनचं आहे." लेकीनं सोबत आणलेली काळ्या सोया सॉसची बाटली दिसली, तेव्हा दुसरा प्रश्न आला, "आणि हे आपल्याला चालतं का?"

दोन्ही प्रश्न साधे होते. पण उत्तर शोधताना मला आमचे आजोबा आठवले.

कोकणातल्या मुसलमानांच्या घरात एखादा तरी खलाशी असतोच. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यानपिढ्या आगबोटींवर काम करत आली. कुणी भट्टीत कोळसा ओढला, कुणी डेकवर राबलं, कुणी सारंग झालं. आमचे आजोबाही त्यातलेच. सिंगापूर आणि पेनांगच्या बंदरांवर खाल्लेल्या एका पदार्थाची गोष्ट ते सांगायचे. पांढऱ्या वडीचे तळलेले तुकडे, वर काकडी, कुटलेले शेंगदाणे आणि काळा, गोड-खारट रस. त्याला ते 'ताहू' म्हणायचे. विकणाराही मुसलमान आणि खाणारेही, हे सांगायला ते विसरत नसत. आम्हा मुलांना वाटायचं, आजोबा थाप मारतायत.

थाप नव्हती. मलाय भाषेत त्या पदार्थाला 'ताहू गोरेंग' म्हणतात. गोरेंग म्हणजे तळलेलं. 'ताहू' हा शब्द दक्षिण चीनच्या होक्कियन बोलीतून तिथे गेला, आणि आपला 'टोफू' आला जपानी उच्चारातून. शब्द दोन, वस्तू एकच.

टोफूचा जन्म चीनमधला. हुआइनानचा राजपुत्र लिऊ आन यानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो शोधला, अशी तिथली जुनी आख्यायिका. लेखी उल्लेख मात्र दहाव्या शतकातला सापडतो. पुढे बौद्ध भिक्खूंबरोबर तो जपानला पोचला आणि चिनी व्यापारी व कारागिरांबरोबर जावा-मलायाला. पश्चिम जावातलं सुमेदांग हे गाव आज तळलेल्या ताहूसाठी प्रसिद्ध आहे. तिथला हा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका चिनी कुटुंबानं सुरू केला. आज इंडोनेशिया हा जगातला सर्वाधिक मुसलमानांचा देश, आणि ताहू व तेंपे हे त्याच्या गरिबातल्या गरीब घराचं रोजचं जेवण. रमजानमध्ये रोजा सोडतानाही तिथे तळलेला ताहू असतो, जशी आपल्याकडे भजी असतात.

त्यावरचा गोड-खारट रस म्हणजे 'केचाप मानिस'. मानिस म्हणजे गोड. सोया सॉसमध्ये ताडा-माडाच्या रसाचा गूळ घालून तो आटवतात. आपल्या बाटलीतल्या टोमॅटो केचपचं नावही याच घराण्यातलं. होक्कियन भाषेत तो शब्द मासळीच्या खारट रसासाठी होता. इंग्रज दर्यावर्दींनी तो उचलला, टोमॅटो त्यात फार नंतर आला. नारळाचा गूळ आणि खारवलेली मासळी कोकणाला नवी नाहीत. म्हणूनच ही चव आजोबांच्या जिभेला परकी वाटली नसावी.

अम्मीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच देशांत आहे. सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात महिनोनमहिने आंबवून पारंपरिक सोया सॉस करतात. त्यात आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो. तो दारू म्हणून घातलेला नसतो, त्यानं नशाही येत नाही, तरी यावर उलेमांमध्ये चर्चा झाली आहे. इंडोनेशिया आणि मलेशियात हलाल प्रमाणपत्र असलेले सोया सॉस घरोघरी वापरतात. जपानी कारखानेही निर्यातीसाठी असे सॉस बनवतात. ज्याला शंका असेल त्यानं बाटलीवर तो शिक्का पाहावा. अम्मीला मी एवढंच सांगितलं आणि तिचं समाधान झालं.

आता पनवेलकडे येतो. टोफू कसा होतो? सोयाबीन रात्रभर भिजवायचं, वाटायचं, पाण्यात उकळून गाळायचं. फडक्यात चोथा उरतो, खाली दूध मिळतं. पनीरसाठी आपण दुधात लिंबू पिळतो. टोफूच्या दुधात मात्र जुन्या पद्धतीत समुद्राचं कडू पाणी घालतात. मिठागरात मीठ जमून बाजूला काढलं की जे पाणी मागे राहतं, तेच हे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि त्यानं सोयाचं दूध फाटतं. जपानी लोक त्याला 'निगारी' म्हणतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. पनवेल, उरण, पेणच्या खाडीकाठी आगरी बांधवांनी पिढ्यानपिढ्या मीठ पिकवलं. 'आगर' या शब्दावरूनच त्यांचं नाव पडलं असं मानतात. तो कडू रस आपल्या अंगणात होता, आपण तो वाहू दिला. कारण तो ज्यात घालायचा ते सोयाबीन इथे नव्हतं. आपल्याकडे भात, मासळी आणि वाल होते. 1970 साली सिडको आली, 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. शेतं गेली, मिठागरंही आटली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी जीव गमावला. आजच्या पनवेलच्या उंच इमारती या इतिहासावर उभ्या आहेत.

सोयाबीन महाराष्ट्रात आलं ते वेगळ्या वाटेनं. हिमालयाच्या कुशीत ते आधीपासून होतं. कुमाऊंचं काळं भट आणि नागालँडचं आंबवलेलं अखुनी हे त्याचेच प्रकार. आपल्याकडे त्याचा पहिला मोठा प्रयोग वर्ध्याच्या मगनवाडीत झाला. 1935 मध्ये गांधीजींनी तिथल्या लोकांच्या जेवणात सोयाबीन आणलं आणि 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. गरिबाला स्वस्तात प्रथिनं कशी मिळतील, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच काळात सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानानंही या पिकात रस घेतला. संस्थानचे अधिकारी एफ. एस. काळे यांचं सोयाबीनवरचं इंग्रजी पुस्तक 1936 साली बडोद्यातच छापलं गेलं.

पण गांधीजींचा प्रश्न मागेच पडला. 1960 नंतर पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं नवे वाण आणले. पीक मध्य प्रदेशात पसरलं, मग विदर्भ-मराठवाड्यात. ते पिकवलं गेलं तेलासाठी. तेल काढून उरलेली पेंड, जिच्यात सगळी प्रथिनं असतात, कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत जाते. म्हणजे आपण चिकन खातो तेव्हा लातूर-वाशीमचं सोयाबीनच आडवळणानं खात असतो. 2024 च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 4892 रुपये, आणि बाजारात शेतकऱ्याला तेवढेही मिळत नव्हते.

प्रथिनांचा प्रश्न आमच्या वस्त्यांमध्ये आजही तसाच आहे. मार्च 2015 मध्ये राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. अनेक गरीब मुसलमान आणि दलित घरांतून स्वस्त मटण गेलं, कुरेशींचा धंदा गेला. "बोटी सोडा, टोफू खा" असं सांगायला मी बसलेलो नाही. टोफूचं पाकीट काही स्वस्त नाही, आणि कुणी काय खावं हे दुसऱ्यानं ठरवू नये, असं मला वाटतं. पण ज्याला परवडेल, ज्याला डॉक्टरांनी लाल मांस बंद सांगितलं असेल, त्याच्या दस्तरखानावर ही वडी बसू शकते.

करायची कशी, तेही सांगतो. दोनशे ग्रॅम घट्ट टोफू फडक्यात गुंडाळून त्यावर पाण्यानं भरलेलं पातेलं अर्धा तास ठेवा. पाणी निघालं नाही तर तो कुरकुरीत होणार नाही. मग तुकडे करून दोन चमचे कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवा आणि लोखंडी तव्यावर बेताच्या तेलात सगळ्या बाजूंनी सोनेरी करून बाजूला काढा. त्याच तव्यात ठेचलेला लसूण, आलं आणि एक मिरची परता. दोन मोठे चमचे सोया सॉस, दीड चमचा किसलेला गूळ, चार चमचे पाणी घाला. मीठ घालू नका, सॉस आधीच खारट असतो. रस चमच्याला चिकटू लागला की आच बंद करा आणि मगच टोफू घाला. वरून कुटलेले शेंगदाणे, काकडी, लिंबू. लगेच वाढा, थांबलात तर मऊ पडतो.

त्या रविवारी लेक टोफू घेऊन आली त्याला कारण होतं. ती आणि जावई नवीन पनवेलमध्ये भाड्यानं घर शोधतायत. एका ठिकाणी नाव ऐकण्याआधीच विचारलं गेलं, "व्हेज का नॉनव्हेज?" तिनं चिडून म्हटलं, "व्हेज." मग नाव सांगितलं, तर घर आधीच दिलेलं निघालं. "बाबा, प्रश्न जेवणाचा नव्हताच," ती म्हणाली आणि पाकीट ओट्यावर ठेवलं.

मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. बौद्ध भिक्खूंचा आणि जावाच्या मुसलमानांचा हा एकच पदार्थ, आणि त्याच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही. ती ऐकत होती, पण तिला अजून घर मिळालेलं नाही, आणि इतिहासानं भाडेकरार होत नाही.

ताहू मात्र चांगला झाला होता. अम्मीनं पहिला तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "तुझ्या आजोबांना हे आपल्या घरात खायला मिळायला हवं होतं." मग एक बशी झाकून तिनं लेकीच्या हातात दिली आणि शेजारच्या काकूंकडे पाठवली.