दुसरा बाण आला कुठून? बर्थोले आणि इजिप्तची तळी

शाळेतलं रासायनिक समीकरण आठवतंय? मध्ये एक बाण, डावीकडून उजवीकडे, विषय संपला. मग अकरावीत अचानक दोन बाण दिसतात. एक जाणारा, एक येणारा. तो दुसरा बाण कुठून आला, त्याची ही गोष्ट.

साल १७९८. नेपोलियन इजिप्तवर चालून गेला, तेव्हा सैन्यासोबत दीडशेच्या वर विद्वानही घेऊन गेला. त्यांत होता रसायनशास्त्रज्ञ क्लोद लुई बर्थोले.

तेव्हा रसायनशास्त्रात ‘ओढी’ची कोष्टकं चालायची. स्वीडनच्या बर्गमनने १७७५ मध्ये केलेली तर फारच गाजलेली. एखाद्या आम्लाला कुठल्या आम्लारीची ओढ जास्त, याची चक्क यादी! जास्त ओढ असलेली आम्लारी आली की आम्ल पहिलीला सोडून तिच्याकडे जाणार आणि परत फिरणार नाही. निकाल आधीच ठरलेला.

१७९९ च्या सुरुवातीला बर्थोले नाईलच्या पश्चिमेकडच्या नेट्रॉनच्या तळ्यांवर गेला. काठावर सोडियम कार्बोनेटचे, म्हणजे धुण्याच्या सोड्याचे, पांढरे थर. पूर्वी ममी वाळवायला हाच क्षार वापरायचे. पाण्यात मीठ, आजूबाजूला चुनखडी.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शिअम क्लोराइड एकत्र केले की चुनखडी आणि मीठ तयार होतं. इथे तर मीठ आणि चुनखडीपासून सोडा बनताना दिसत होता. म्हणजे अभिक्रिया उलटी!

बर्थोलेने अर्थ लावला तो असा: नुसती ओढ पुरत नाही, कोणता पदार्थ किती आहे यावरही दिशा ठरते. इथे मीठ आणि चुनखडी अमाप, आणि तयार झालेला सोडा काठावर वेगळा होत जातो. मग गाडी उलट्या दिशेने का जाणार नाही? हे त्याने १८०३ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं.

पण तो एक पाऊल जास्तच पुढे गेला. संयुगातल्या मूलद्रव्यांचं प्रमाणही बदलू शकतं, असं म्हणाला. प्रूस्त नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं. प्रूस्त बरोबर होता, पण या पराभवात बर्थोलेचा चांगला मुद्दाही बाजूला पडला. एक बग सापडला म्हणून अख्खा कोड फेकून द्यावा, तसं झालं.

१८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या मेहुण्यांनी तोच मुद्दा गणितात बसवला. त्यांनीही तो नॉर्वेजियन भाषेत छापल्याने बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी १८८४ मध्ये व्हान्ट हॉफने समीकरणात दोन बाण काढले. १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं.

समतोल म्हणजे काम थांबलं असं नाही. दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगाने चालू असतं, म्हणून बाहेरून शांत दिसतं. घरातल्या व्हिनेगरमध्येही हेच चाललंय. त्यातल्या अॅसिटिक आम्लाच्या शंभर रेणूंमागे एकही धड तुटलेला नसतो. काही तुटतात, तितकेच पुन्हा जोडले जातात. म्हणूनच ते सौम्य आम्ल, आणि म्हणूनच आपण ते सॅलडवर घालू शकतो!

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणाचा एक मुद्दा चुकला, तर बाकीचे मुद्दे फेकण्याआधी एकदा तपासून बघा. बर्थोलेचा मुद्दा परत यायला साठ वर्षं लागली. भेटू पुढच्या भागात!