पाऊण डॉलरचा फरक : सर्व्हरची रोजकीर्द घराबाहेर कशी गेली

१९८६ च्या ऑगस्ट महिन्यात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. संगणकाच्या वापराचे पैसे तेथे वापरणाऱ्यांच्या नावे लावले जात आणि कोणी किती वेळ यंत्र वापरले याची टिपणे यंत्रच ठेवीत असे. पाऊण डॉलरचा मेळ का बसत नाही, हे शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे आले. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. अनुदान संपल्यामुळे नुकतेच संगणक विभागात दाखल झालेले. नवख्या माणसाच्या गळ्यात घालावे असेच ते काम होते.

शोधाअंती असे निघाले, की यंत्रात एक नवे खाते उघडले गेले होते आणि त्याचे बिल पाठवायला पत्ताच नव्हता. बाहेरचा कोणीतरी आत शिरला होता. त्याने यंत्रावरचे सर्वोच्च अधिकारही मिळवले होते.

खरा पेच येथे सुरू होतो. ज्याच्या हाती सर्वोच्च अधिकार, त्याला यंत्रातील प्रत्येक नोंद वाचता येते, बदलता येते, पुसताही येते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आणि रोजकीर्दही त्याच जामदारखान्यात! पाळतीसाठी यंत्रावर एखादा प्रोग्रॅम बसवावा, तर तोही घुसखोराच्या नजरेस पडणार.

स्टॉल यांनी योजलेला उपाय आजही थक्क करतो, तो त्याच्या साधेपणामुळे. शनिवार-रविवारच्या सुटीत त्यांनी सहकाऱ्यांच्या मेजांवरून सुमारे ५० प्रिंटर व टर्मिनल उचलून आणले आणि बाहेरून येणाऱ्या दूरध्वनी तारांना जोडले. तारेवरून येणारे प्रत्येक अक्षर संगणकात तर जाईच, शिवाय कागदावरही उमटे. संगणकाला या प्रिंटरांचा पत्ता नव्हता, म्हणून घुसखोरालाही नव्हता. आणि कागदावर उमटलेले अक्षर दूर बसून पुसता येत नाही. पुढे घुसखोर आत आला, की स्टॉल यांच्या खिशातील पेजर वाजेल अशीही व्यवस्था झाली. सर्व्हरमध्ये बिघाड होताच मोबाइलवर सूचना पाठवणाऱ्या आजच्या सेवा याहून वेगळे काय करतात?

माग निघाला तो थेट पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत. मार्कुस हेस नावाचा तरुण अमेरिकी लष्करी यंत्रणांतील माहिती धुंडाळीत होता आणि ती सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीला विकली जात होती. १९९० मध्ये त्याला व त्याच्या साथीदारांना शिक्षा झाली. कागदांच्या त्या थप्प्या नसत्या, तर हा माग इतक्या दूरवर काढणे दुरापास्तच होते.

नोंद यंत्राबाहेर पाठवण्याची सोय मात्र एव्हाना सॉफ्टवेअरमध्येही आली होती, आणि तीही त्याच बर्कली गावात. प्रयोगशाळेच्या टेकडीखालील विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ‘सेंडमेल’ या ईमेल प्रणालीसोबत ‘सिसलॉग’ लिहिले. निरनिराळ्या प्रोग्रॅमांच्या नोंदी एकत्र करायच्या आणि हवे तर जाळ्यावरील दुसऱ्या यंत्राकडे धाडायच्या, एवढेच त्याचे काम. संदेश यूडीपी पद्धतीने ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर जाई. ही पद्धत पोचपावतीविना टाकलेल्या टपालासारखी : पोहोचले तर पोहोचले. तरीही ती जगभर रूढ झाली. तिचे रीतसर वर्णन प्रसिद्ध व्हायला २००१ साल उजाडले, आणि तेही चालत आलेल्या प्रथेचे वर्णनच होते.

वेब आल्यावर या नोंदींचे स्वरूप पालटले. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये येणाऱ्याचा आयपी पत्ता, वेळ, मागितलेले पान आणि पाठवलेल्या बाइट्सची संख्या उतरे. दुरुस्तीसाठी ठेवलेली ही टिपणे व्यापाराच्याही कामाची आहेत, हे लवकरच ध्यानात आले. सॅन डिएगोच्या ‘अर्चिन’ कंपनीचे सॉफ्टवेअर प्रथम असे लॉग वाचून तक्ते बनवीत असे. मग दुसरी युक्ती रुळली : पानातच जावास्क्रिप्टच्या काही ओळी घालायच्या, म्हणजे भेट देणाऱ्याचा ब्राउझरच आपली खबर तिसऱ्या कुणाच्या यंत्राला देतो. २००५ मध्ये गूगलने अर्चिन विकत घेतली आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ मोफत खुले केले. झुंबड एवढी उडाली, की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली. आजही पुष्कळ लिंकांच्या शेपटीला ‘यूटीएम’ ही अक्षरे लटकलेली दिसतात. त्यातला ‘यू’ अर्चिनचा.

स्टॉल यांचे प्रिंटर घुसखोरावर नजर ठेवीत आणि कागद प्रयोगशाळेतच राहत. येथे साध्या वाचकाची नोंद होऊ लागली, परक्याच्या वहीत, आणि बहुधा त्याला न विचारता.

हा फरक कायद्याच्या कसोटीवर उतरला तो युरोपात. ऑस्ट्रियाचे वकील माक्स श्रेम्स यांच्या लढ्यातून १६ जुलै २०२० रोजी युरोपीय न्यायालयाने अमेरिकेशी झालेली ‘प्रायव्हसी शील्ड’ ही विदा-हस्तांतरणाची व्यवस्था रद्द केली. अमेरिकी सरकारच्या पाळतीपासून तेथे गेलेल्या माहितीला पुरेसे संरक्षण नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण. पुढच्याच महिन्यात श्रेम्स यांच्या संस्थेने एकदम १०१ तक्रारी गुदरल्या. २०२२ च्या जानेवारीत ऑस्ट्रियाच्या आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या नियामकाने निर्वाळा दिला, की तक्रारीतील संकेतस्थळांनी गूगल अ‍ॅनालिटिक्समार्फत वाचकांची माहिती अमेरिकेत धाडणे युरोपीय कायद्याला धरून नव्हते. जुलै २०२३ मध्ये उभयपक्षी नवी व्यवस्था लागू झाली.

भारतात या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने निर्देश काढले : सायबर घटनेची खबर ६ तासांत द्यावी आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात जपावेत. कुरबूर झाल्यावर खुलासा आला, की मागताक्षणी वाजवी वेळेत सादर करता येत असतील, तर लॉग परदेशातही ठेवण्यास हरकत नाही.