परक्या आकाराचें देशी मेज

जपानच्या जुन्या कारागिरीचा विषय निघाला म्हणजे लाखकाम, चिनी मातीचीं भांडीं आणि लांकडी ठशांचीं चित्रें यांचीच नांवें आपल्या तोंडीं येतात. लांकडाचे तुकडे जुळवून मढविलेल्या तेथील मेजांकडे व कपाटांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. या वस्तूंचा इतिहास लहान असला, तरी तो एक मोठा प्रश्न उभा करतो.

ही कला हाकोने येथील. एदो व क्योतो यांस जोडणारा तोकाइदो राजमार्ग या घाटांतून जाई. येथील रानांत झाडांची विविधता मोठी, आणि ऊन पाण्याच्या झऱ्यांमुळें प्रवाशांचीही वर्दळ असे. या मार्गावरील हाताजुकु गांवच्या इशिकावा निहेई (१७९०–१८५०) याच्याकडे या कलेच्या आरंभाचा मान जातो. हिचें नांव योसेगी-झाइकु. म्हणजे जुळविलेल्या लांकडाचें काम. येथें रंग शोधावयाचा तो झाडांतच. पांढऱ्या, पिवळ्या, तांबूस व काळ्या लांकडांच्या पट्ट्या नेमक्या कोनांत कापून सरसानें चिकटवितात. त्यांचा ठोकळा झाला कीं रंध्यानें त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढून वस्तूवर डकवितात. तागाचें पान, कासवाची पाठ, बाणाचीं पिसें असे आकार त्यांतून उमटतात.

१८५९ सालीं योकोहामा बंदर परदेशी व्यापारास खुलें झालें, आणि या कलेस नवें गिऱ्हाईक मिळालें. चटईवर बसून बैठ्या चौरंगावर लिहिणाऱ्या जपानी गृहस्थास उंच मेजाचें काय काम? तें घडलें पाश्चात्त्यांसाठीं. एकाच मेजावर पांच-पंचवीस नक्ष्यांची दाटी पाहिली म्हणजे गिऱ्हाइकाच्या हौसेनें कारागिराच्या संयमावर मात केल्याचें जाणवतें. तरीही प्रत्येक सांधा तपासून पाहावा. तेथें तडजोड नाहीं. आकार परका, पण हाताची शिस्त स्वतःची.

आपल्याकडेही मुंबई-सुरतेच्या कारागिरांनीं याच तत्त्वावर, हस्तिदंत, कथील व लांकूड यांच्या जुळविलेल्या कांड्यांचे काप काढून, इंग्रज मडमांसाठीं शिवणाच्या व लेखनाच्या पेट्या केल्या. त्या सदेली कामास आज मोजकेच हात उरले आहेत. हाकोनेची कला मात्र जिवंत आहे. १९८४ सालीं जपान सरकारनें तिला पारंपरिक कला म्हणून मान्यताही दिली. हा फरक कौशल्याचा नव्हे. हाकोनेच्या कारागिरानें परदेशीयांसाठीं मेज घडवीत असतांनाही वाटसरूसाठीं लहानशी पेटी घडविणें सोडलें नाहीं. मला वाटतें, तिचें आयुष्य यामुळेंच वाढलें. दूरच्या गिऱ्हाइकाचा पैसा कलेस वैभव देतो, पण त्याची आवड बदलली कीं तो पाठ फिरवितो. आपल्या घरांत जिला जागा नाहीं, ती कला दुसऱ्याच्या दिवाणखान्यांत किती दिवस जगणार?