हळदीचें पेव, मेंढरांचा मुरघास

सांगलीनजीक हरिपुरास हळद भुईंतील पेवांत राखण्याची रीत जुनी. चाऱ्याची गोष्ट निराळी. १८७६ सालीं पाऊस फसला, तेव्हां त्या वेळच्या सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागांत चाऱ्यावांचून जनावरें मेलीं. पुढच्याच वर्षीं, १८७७ मध्यें, फ्रान्सांत गोफार यांनीं हिरवा मका खड्ड्यांत दाबून टिकविण्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच रीतीचा चारा म्हणजे आजचा मुरघास. कणसें खुडलेलीं मक्याचीं हिरवीं ताटें व चवळी बारीक तोडून दाबावीं, हवा कोंडावी. आंत तयार होणारें दुग्धाम्ल चारा टिकवितें. चवळी मेंढरांस प्रथिनें देते. एकटी मात्र नीट आंबत नाहीं, म्हणून मक्याच्या साखरेची जोड हवी. हळदीस पेव लाभलें. माणदेशच्या मेंढपाळानें सुगींतच असा खड्डा भरला, तर दुष्काळांत कळप मोडण्याची पाळी टळेल.