आद्य मोटारगाड्यांचे दर्शन आणि चालन

जुनी मोटार पाहणारे पुष्कळ असतात. ती चालवू जाणणारे फार थोडे. एखाद्या जुन्या राजवाड्याच्या आवारात वा वस्तुसंग्रहालयाच्या दालनात अशी गाडी दोरीपलीकडे उभी असते. पितळी दिवे चकचकीत, कातडी गाद्या नव्याने मढविलेल्या, चाकांच्या लाकडी आऱ्यांवर रोगणाचा तजेला. पाहणारा क्षणभर थबकतो, काय थाट होता म्हणतो आणि पुढे सरकतो. त्याने थाट पाहिला खरा, पण गाडी पाहिली असे मात्र म्हणवत नाही. मोटारीच्या आद्य कालखंडात, म्हणजे स्थूलमानाने 1886 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत, जी कामे चालकाच्या हातापायांकडे आणि कानांकडे सोपविलेली होती, ती पुढे एकामागून एक यंत्राने आपल्याकडे घेतली. त्या काळची गाडी निम्मी लोखंडात आणि निम्मी माणसात असे. माणूस खाली उतरला की राहते ती अर्धीच वस्तू.

आपल्या देवळांतून रथ निघतो तो वर्षातून एकदा. वळणावर कोणत्या बाजूचा दोर ढिला सोडावा, उतारावर चाकाखाली पाचर कोणत्या क्षणी सरकवावी, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. रथ दरसाल निघतो, म्हणूनच ते ज्ञान बापाकडून मुलाकडे जाते. जुन्या मोटारीचीही गोष्ट अशीच आहे. परंतु तिच्या बाबतीत हे फारसे कोणी ध्यानी घेत नाही.

चालकाकडे काय काय सोपविलेले होते, हे पाहावयाचे तर मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासाकडेच गेले पाहिजे. जर्मनीतील मॅनहाइमच्या कार्ल बेन्झने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी 29 जानेवारी 1886 रोजी अर्ज केला. गाडी सिद्ध झाली, पण गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा ऑगस्ट 1888 मध्ये त्याची पत्नी बेर्टा हिने, नवऱ्याला न सांगता, 15 आणि 13 वर्षांच्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि त्या गाडीतून फोर्ट्सहाइम या आपल्या माहेरगावी जाऊन पोहोचली. अंतर सुमारे 100 किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे वेष्टन झिजले, तेथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपत आले तेव्हा वीस्लोख गावच्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे खनिज द्रव विकत घेतले. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले, त्यांस चांभाराकडून कातडे लावून घेतले. चढ आला की मुलांनी उतरून गाडी ढकलावी, असा क्रम होता.

ही कथा बहुधा एका धीट स्त्रीचे साहस म्हणून सांगतात, आणि ते खोटे नव्हे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातील मोलाचा भाग निराळाच आहे. कारखान्यात जे वैगुण्य कधी दिसले नसते, ते रस्त्याने एका दिवसात दाखवून दिले. पुढे बेन्झने चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसविला तो याच अनुभवावरून. मोटारीची पहिली खरी परीक्षक म्हणजे ती चालविणारी ही बाई होय.

यानंतर वीस वर्षांनी, 1908 साली, अमेरिकेत हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' बाहेर पडली. 1927 पर्यंत अशा दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. ब्रिटन वगळता ब्रिटिश साम्राज्यातील देशांना फोर्डच्या गाड्या पुरविण्याचा हक्क कॅनडातील कंपनीकडे होता. त्यामुळे हिंदुस्थानात येणारी फोर्ड कॅनडामार्गे येई. आज जगात जुन्या काळातील जी गाडी सर्वांत अधिक संख्येने चालत्या स्थितीत सापडते ती बहुधा हीच. आणि आजच्या उत्तम चालकास जी फुटाची वाटही चालवता येणार नाही तीही हीच. कारण तिच्यात पायाखाली तीन पेडल असतात हे खरे, पण त्यांतले एकही वेग वाढविण्याचे नाही. डाव्या पेडलवर पाय पूर्ण दाबला की गाडी पहिल्या, संथ गिअरमध्ये चालते. अर्धा सोडला की मोकळी होते. पूर्ण सोडला की वरच्या गिअरमध्ये पळू लागते. मधले पेडल गाडी मागे नेण्याचे, उजवे ब्रेकचे. इंधन कमीजास्त करण्याची दांडी स्टीअरिंगच्या खाली उजव्या हाताला, आणि ठिणगी लवकर पडावी की उशिरा हे ठरविणारी दांडी डाव्या हाताला.

या डाव्या दांडीत साऱ्या विद्येचे मर्म आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येत असता ठिणगी नेमक्या क्षणी पडली पाहिजे. गाडी वेगात असताना ती थोडी आधी पडावी लागते, कारण वायू पेटून फुगण्यास काही अवधी लागतो. गाडी संथ असताना उशिरा पडावी लागते. आज हा हिशेब गाडी आपला आपणच करते. त्या काळी तो चालक कानाने करी. चढावर यंत्र ठकठकू लागले की दांडी थोडी मागे घ्यावयाची, सपाटीवर आवाज मोकळा झाला की पुढे सारावयाची. हँडल मारून गाडी सुरू करताना ही दांडी मागे घ्यावयास कोणी विसरला, तर ठिणगी अवेळी पडून हँडल उलट्या दिशेने उसळे आणि मनगट मोडे. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मूठ वळू नये, आणि दांडा खाली दाबण्याऐवजी वर ओढावा, असा दंडक होता. अमेरिकेत 1912 च्या कॅडिलॅक गाडीला विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि मग हळूहळू हे भय सरले. फोर्डने तो आपल्या गाडीला द्यावयास 1919 साल उजाडले.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. मॉडेल टीची पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली असे, आणि पेट्रोल यंत्राकडे जाई ते केवळ उतारामुळे, पंप नव्हताच. टाकीत पेट्रोल थोडे असून चढ फार उभा असला, तर यंत्राची बाजू टाकीहून उंच होई आणि यंत्र उपाशी पडे. यावर उपाय एकच: गाडी फिरवावयाची आणि चढ उलट्या तोंडाने, मागे मागे जात चढावयाचा. मागे नेण्याच्या गिअरला जोरही अधिक असे, तो फायदा निराळा. उतारावर जाणता चालक केवळ ब्रेकचेच पेडल दाबून धरीत नसे. आळीपाळीने संथ गिअरचे आणि मागे नेण्याचेही दाबी, म्हणजे तिन्ही पट्टे सारखे झिजत. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून यांतले काही तरी कळेल काय?

त्याच 1908 साली आपल्या मुलखातही एक परीक्षा झाली. रोल्स-रॉइसची सहा सिलिंडरांची गाडी तेव्हा नवी होती. आदल्याच वर्षी तिच्या 'सिल्व्हर घोस्ट' या नमुन्याने ब्रिटनमध्ये देखरेखीखाली 14,000 मैलांहून अधिक धाव घेऊन नाव मिळविले होते. त्याच जातीची 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची गाडी मुंबई-कोल्हापूर या 620 मैलांच्या चाचणीत उतरली आणि यशस्वी झाली; ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. संस्थानिकांनी गाड्या घेतल्या त्या हौसेसाठी, असा समज रूढ आहे, आणि पुढच्या काळापुरता तो बराचसा खराही आहे. पण येथे विकत घेतली गेली ती घाट चढून उतरून आलेली गाडी होती, हे विसरू नये. त्या काळी पुढच्या चाकांना ब्रेक नसत. रस्ते खडीचे आणि धुळीचे. गिअर बदलताना दोन दंतचक्रांची गती चालकाने आपल्या अंदाजाने जुळवावी लागे: क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडून यंत्राला किंचित झोका द्यावयाचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घालावयाचा. आपल्याकडील जुन्या मालमोटारींच्या आणि एस.टी.च्या चालकांना हा 'डबल क्लच' चांगला परिचित होता. घाटाच्या मध्यावर तो चुकला तर गाडी कोणत्याच गिअरमध्ये राहात नसे, आणि भार सगळा मागच्या ब्रेकवर येई.

ही विद्या टिकली कशी? इंग्लंडमध्ये ती टिकली याचे श्रेय बऱ्याच अंशी एका वार्षिक रिवाजास आहे. 1865 च्या कायद्याने तेथे रस्त्यावरील यांत्रिक गाडीस गावाबाहेर ताशी 4 मैल आणि गावात 2 मैल एवढीच मुभा होती, आणि तिच्यापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालावा लागे. निशाणाची सक्ती 1878 साली सुटली. पुढे चालणारा माणूस मात्र सुटला नाही. 1896 च्या कायद्याने तोही गेला. तो अमलात आला त्या दिवशी, 14 नोव्हेंबर 1896 रोजी, तीसेक मोटारी लंडनहून ब्रायटनला निघाल्या, आणि निघण्यापूर्वीच्या न्याहारीस लॉर्ड विंचिल्सी यांनी लाल निशाण समारंभाने फाडले. निघालेल्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास पोहोचल्या. त्यांतलीही एखादी आगगाडीने आणून चिखल फासून उभी केली होती, असे तेव्हापासून बोलले जाते.

पुढे 1927 साली या प्रवासाची पुनरावृत्ती झाली आणि 1930 पासून त्याची व्यवस्था तेथील रॉयल ऑटोमोबाइल क्लबकडे आली. 1905 पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश. ही शर्यत नव्हे. पहिला कोण, दुसरा कोण, हे जाहीर होत नाही. ठरल्या वेळेत पोहोचेल त्यास पदक. 1953 साली या प्रवासावर 'जेनेव्हिव्ह' हा विनोदी बोलपट निघाला आणि ज्यांना जुन्या गाड्यांची खबरही नव्हती त्यांनाही गोडी लागली. नोव्हेंबरच्या थंडीत, बहुधा पावसातही, 50 मैलांहून अधिक अंतर उघड्या गाडीतून जावयाचे तर गाडी वर्षभर चालत्या स्थितीत ठेवावी लागते. ती ठेवण्यासाठी कारागीर लागतो. आणि कारागिरास काम मिळत राहिले की त्याच्या हाताखाली पोर तयार होते. या रिवाजाचे खरे कार्य मला हे वाटते.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, 2012 साली मान्य केलेल्या तुरीनच्या सनदेतही चालन हे जतनाचेच अंग मानले आहे. आपल्याकडे 'स्टेट्समन' वृत्तपत्राच्या दिल्लीच्या फेरीची परंपरा 1964 पासूनची. अलीकडे, जानेवारी 2023 मध्ये, वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचे मोठे संमेलन भरले. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि चारचाकी वाहनांस 'विंटेज' म्हणून निराळी नोंदणी दिली, त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे घातली, आणि प्रदर्शन, फेरी, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच त्यांस रस्त्यावर मोकळीक दिली. रोजच्या वापरास मनाई आहे. हे बंधन मला अवाजवी वाटत नाही. महिन्यातून दोन वेळा दहा-वीस किलोमीटर फिरविली तरी गाडी जिवंत राहते. बंधनाच्या भयाने ती मुळीच बाहेर न काढणे हे मात्र वाईट.

याहून मोठी अडचण पेट्रोलचीच आहे. देशात 2025 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. इथेनॉल हा मद्यार्क; तो हवेतील पाणी शोषून घेतो, आणि जुन्या रबरी नळ्या त्यात नरम पडतात. आद्य गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये बुचाच्या लाकडाचा तरंगक असे, आणि त्यावर लाखेचे रोगण चढविलेले असे. लाख मद्यार्कात विरघळते, हे आपल्या सुताराला ठाऊक आहे. पॉलिश तो त्यातच करतो. रोगण गेले की बूच पेट्रोल पिऊन जड होते, बुडते, आणि कार्ब्युरेटर भरून वाहू लागतो. यंत्र गरम, खाली पेट्रोल सांडलेले, अशी स्थिती झाल्यास शंभर वर्षे टिकलेली गाडी पाच मिनिटांत जळून जाईल. नव्या पदार्थाचा तरंगक बसवून घेणे हा उपाय आहे, आणि मूळचा भाग कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा. मुळाबरहुकूम असण्याचा हट्ट रंगाच्या छटेविषयी धरावा. आगीशी खेळताना धरू नये.

या रंगाच्या हट्टानेही नुकसान पुष्कळ होते. गाडी मुळात होती त्याहून अधिक चकचकीत करण्याची चढाओढ आता प्रदर्शनांतून लागलेली दिसते. जुने रोगण खरवडून काढले, झिजलेले कातडे फेकून दिले, की त्या गाडीवर बसलेल्या माणसांची खूणच पुसली गेली. स्टीअरिंगच्या लाकडी कड्यावर जेथे हात घासून खळगा पडला आहे, तेथे कोणी लांबी भरू नये, इतकेच मागणे आहे.

ज्यांच्या घरी अशी गाडी पावसाळाभर झाकून राहिली असेल, त्यांनी दिवाळीच्या सुमारास ती काढताना घाई करू नये. टाकीतले जुने पेट्रोल आधी काढून टाकावे. लाकडी आऱ्या हाताने हलवून पाहाव्यात. कोरड्या हवेत लाकूड आकसून त्या सैल होतात. बैलगाडीचे चाक ओहोळात बुडवून ठेवणाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको. मग तेल पाहावे, पाणी भरावे, आणि विजेचे बटण बंद ठेवूनच हँडल सावकाश दोन-चार वेळा फिरवावे. प्रत्येक सिलिंडरचा दाब हाताला सारखा लागतो की एखादा पोकळ लागतो, हे तेव्हा कळते. सारखा लागला तर ठिणगीची दांडी मागे आहे ना ते पुन्हा एकवार पाहावे, अंगठा बोटांच्या बाजूस घ्यावा, आणि वर ओढावे.