पस्तीस दिवसांचे राष्ट्रपतिपद

नालासोपाऱ्याच्या परिसरात १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. लोक जन्म, विवाह, प्रवास अशा प्रसंगी नाना मंगलविधी करितात. परंतु त्यांचे फळ अल्प असते, खरा मंगलविधी म्हणजे सदाचरण होय, असा त्या लेखाचा आशय आहे. राजपदाच्या मानमरातबासही हीच कसोटी लाविली पाहिजे. न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांचे चरित्र तीस उतरते.

त्यांचा जन्म १९०५ साली लखनौस झाला, परंतु घडण नागपुरास. तेथील मॉरिस कॉलेजातून ते केंब्रिजला गेले, आणि परत येऊन १९३० पासून नागपुरासच वकिली करू लागले. १९४६ साली तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश व १९५४ साली मुख्य न्यायाधीश झालेल्या या गृहस्थांकडे १९६८ साली देशाचे सरन्यायाधीशपद आले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन निवर्तले. त्यांचा कारभार पाहणारे उपराष्ट्रपती गिरी यांनीही निवडणुकीकरिता पद सोडले, तर राष्ट्रपतीचे काम कोणी पाहावे, हे घटनेत सांगितलेले नव्हते. संसदेने त्याच महिन्यात कायदा करून ते सरन्यायाधीशाकडे सोपविले. त्यामुळे २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत हिदायतुल्ला कार्यवाहक राष्ट्रपती होते. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकास ९ ऑगस्ट रोजी त्यांनीच संमती दिली.

ही संमती म्हणजे न्यायाधीशाचा अभिप्राय नव्हे. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतीची ती सही होती. पुढे तो कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा अकरा न्यायाधीशांच्या पीठावर हिदायतुल्ला नव्हते. १० फेब्रुवारी १९७० रोजी त्या पीठाने बहुमताने तो कायदा रद्द ठरविला.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. १५ डिसेंबर रोजी, म्हणजे निवृत्तीच्या आदल्या दिवशी, हिदायतुल्लांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो आदेश अवैध ठरविला. ज्या आसनावर वर्षापूर्वी आपण स्वतः बसलो, त्या आसनावरून निघालेली आज्ञाही कायद्याहून श्रेष्ठ नाही, हेच त्यांनी दाखवून दिले.

१९७९ ते १९८४ या काळात ते उपराष्ट्रपती होते. १९९२ साली मुंबईस त्यांचा देहान्त झाला. पस्तीस दिवसांचा मान सरला. त्या मानाने ज्याची न्यायबुद्धी बांधली गेली नाही, त्याचा निर्णय मात्र उरला. सोपाऱ्याच्या शिळेस अभिप्रेत असलेला मंगलविधी याहून निराळा काय असेल?